तिसऱ्या खांबापलीकडे

सोमवार, ३ सप्टेंबर

बासष्ट वर्षांच्या माणसाला शाळकरी पोरासारखी वही लिहायला लावली आहे. कोर्टाने तीन महिन्यांची कैद सुनावली आणि वर उपकार केले, की दोन वर्षं कुणावर हात उचलला नाही तर आत जायला नको. मात्र दर सोमवारी रागाच्या वर्गाला बसायचं. तिथली सिग्ने माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "होल्गर, जे झालं ते लिहा. राग दहापैकी किती आला ते लिहा. कुणाला हात लावला का, तेही लिहा. मी वाचणार नाही." मी म्हटलं, मग लिहू कुणासाठी, तुझ्या मांजरासाठी? वर्गातले सगळे हसले. ती नाही हसली.

तर घे, खरं लिहितो. एप्रिलमध्ये आमच्या गरम पाण्याच्या संस्थेच्या वार्षिक सभेत मी क्वीस्ट मास्तरचं नाक फोडलं. कॉफीच्या किटलीने. किटली भरलेली होती हे वकिलाने दोनदा सांगितलं. संस्थेचा चेअरमन मी, तळं उभं केलं मी, आणि हा निवृत्त मास्तर दोनशे लोकांसमोर उठून म्हणतो, "होल्गरने त्या तळ्यातले दगड गावकऱ्यांकडून सहलीसारखे वेचून घेतले, ते गळणार." केक खात खात म्हणाला. म्हणून मारलं.

तळं म्हणजे गावाबाहेर जमिनीत खणलेला प्रचंड खड्डा, आत प्लॅस्टिकचं अस्तर, पाण्यावर जाड तरंगतं झाकण. उन्हाळाभर सौर पॅनेलांनी पाणी तापवायचं, तिथे कोंडायचं आणि हिवाळ्यात चारशे घरांच्या रेडिएटरना सोडायचं. आज पाणी श्याऐंशी अंशांवर आहे. गावात कुणाचा विश्वास नव्हता. आता येऊन हात लावून बघा म्हणावं.

राग : ४. हात लावला : नाही.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

पाणी उतरतंय.

यंत्रघर सांभाळणारी कार्ला सकाळी कागद घेऊन आली. "चेअरमनसाहेब, दिवसाला अर्धा सेंटिमीटर. तीन आठवडे मी वाट बघितली, म्हटलं मोजमापात चूक असेल. चूक नाही." अर्धा सेंटिमीटर ऐकायला काही वाटत नाही, पण तळ्याच्या मापाने ते चाळीस टँकर गरम पाणी आहे. रोजचं. असं चाललं तर जानेवारीत तळ्यातली ऊब संपेल आणि आम्ही परत गॅस जाळायला लागू, तोही क्वीस्ट मास्तरच्या डोळ्यांदेखत.

कार्ला म्हणाली, "अस्तराला कुठेतरी भोक असणार."

मी म्हटलं, "भोक पडत नाही. भोक पाडलं जातं."

ती म्हणाली, "कोण पाडेल हो?"

नाव मला माहीत आहे. दक्षिणेच्या काठाला, जिथे खुणेचे सात खांब रोवलेत, लागून कुणाचं शेत आहे? ती टेकाडाची जमीन कुणाची होती? माझ्या धाकट्या भावाची. बापाने जमीन एबेला दिली आणि मला भट्टी आणि ऐरण. खड्ड्यासाठी ते टेकाड संस्थेला विकायला मीच एबेला भाग पाडलं, त्याच्या स्वयंपाकघरात बसून, चार तास. शेवटी त्याने सही केली आणि गुरांकडे निघून गेला. 

राग : ८.

बुधवार, १२ सप्टेंबर

आज एबे दारात आला. टोपी हातात, त्याचा तो कुत्रा, बासे, पायाशी. एबेला वाक्य सुरू करायला वेळ लागतो. लहानपणापासून. अडखळत नाही, नुसता थांबतो, आणि समोरचा म्हातारा होतो. बापाची फार चिडचिड व्हायची, तो पट्टा काढायचा. बाप नसला की मी. एकदा मी त्याची बोटं गोठ्याच्या दारात चेंगरली होती, नुसतं "बोल ना, बोल!" करत. करंगळी अजून वाकडी आहे.

म्हणाला, "होल्गर... दक्षिणेच्या बाजूला... तिसऱ्या खांबा..."

मी म्हटलं, "तुझ्या तोंडून दक्षिणेची बाजू कशी आली रे? मी तर कुणाला काही सांगितलं नाही!"

तो परत थांबला. "माझ्या चरात पाणी..."

"तुझा चर गेला खड्ड्यात! जमिनीचे पैसे मोजून घेतलेस ना? आता माझ्या तळ्याकडे फिरकलास तर तंगडी मोडेन."

गेर्डा आतून ओरडली, "होल्गर, त्याला आत तरी घे! कॉफी झालीय." पण तोवर तो निघाला होता. कुत्रं दोनदा मागे वळून बघत गेलं. गेर्डा म्हणाली, "माणूस काहीतरी सांगायला आला होता." मी म्हटलं, चाळीस वर्षं संसार केलास माझ्याशी, तुला माझा भाऊ माझ्यापेक्षा जास्त कळतो का? तर म्हणे, "हो." आणि दोन कप कॉफी एकटीने प्यायली.

राग : ८. हात लावला : नाही. तोंडाचं सिग्ने विचारत नाही.

शनिवार, २२ सप्टेंबर

सायकलवरून एबेच्या शेताला वळसा घातला. त्याच्या गाई सगळ्या खालच्या चरात बसलेल्या, पोटापर्यंत चिखलात, डोळे मिटून. हवा अशी गार की नाक वाहतंय, आणि ह्या महाराण्या पाण्यात! चरावर धुकं धरलं होतं. एबेची गुरं एबेसारखीच.

पण खरी गोष्ट पुढे. त्याच्या गोठ्याच्या भिंतीला बादल्या लावलेल्या, एकावर एक. मोजल्या, एक्केचाळीस. सगळ्या गारगोट्यांनी भरलेल्या, सुरीसारख्या धारदार. बादल्यांवर खडूने आकडे : १, २, ३. पुढे नाही, नुसते १, २, ३ पुन्हा पुन्हा. पोराने पाढे म्हणावेत तसे. माझ्या डोक्यात पटकन उजेड पडला. दारूगोळा! काठावर बसून ह्या गारगोट्या झाकणाखाली ढकलायच्या, की अस्तर चिरलंच.

तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. बाजूला पहार. दोन्ही दिवे फोडले, मग समोरची काच, मग आरसे. आवाजाने एबेची बायको रूथ धावत आली, हात पिठाचे. "होल्गर! वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, नवऱ्याला सांग, ही त्या दगडांची पोच. ती म्हणाली, "कसली पोच? तुला माहीत आहे का ते दगड कुठले आहेत?" मी म्हटलं, चांगलं माहीत आहे.

रात्र झाली तरी पोलिसांत नाही गेले ते. का नाही गेले? मनात चोर असला की माणूस पोलिसांत जात नाही.

राग : १०. हात लावला : ट्रॅक्टरला. सिग्नेला फोनवर विचारलं, ट्रॅक्टर धरायचा का. म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? ह्या बाईला सरळ उत्तर देता येत नाही.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

सापडला!

सकाळी सात वाजता यंत्रघराच्या खिडकीतून बघितलं. एबे दक्षिणेच्या काठाच्या बाहेरच्या उतारावर, फावडं घेऊन. चौथ्या खांबापाशी खणलं, वाकला, खड्ड्यात हात घातला, हात गालाला लावला. मग पाचव्या खांबापाशी तेच. मी ओरडत धावलो तोवर गेला होता. सात खांबांपैकी चार, पाच, सहा, सात अशा चौघांजवळ कोपरभर खोल खड्डे. खालून अस्तरापर्यंत पोचायचा डाव. खड्ड्यांच्या तळाला पाणी होतं. मी संतापाने पायानेच माती लोटून बुजवले. कार्ला म्हणाली, "थांबा, पाणी गरम आहे का बघू द्या ना!" मी म्हटलं, तुला बघायचंय काय, मुतलेलं पण गरम असतं.

गेर्डाला सांगितलं नाही, पण माळ्यावरून बापाचा सापळा काढला. कोल्ह्यांसाठीचा लोखंडी, दातेरी. असले सापळे लावायला बंदी येऊन जमाना झाला. स्प्रिंगला तेल दिलं. चौथ्या खांबाजवळ गवतात ठेवला. पायाला बसला की रंगेहाथ.

राग : ९. पण आज झोप लागेल.

रविवार, ७ ऑक्टोबर

सापळ्यात बासे अडकला.

चर्चच्या घंटा चालू होत्या तेव्हा ऐकू आलं. कुत्रं असं किंचाळू शकतं मला माहीत नव्हतं. मी पोचलो तेव्हा एबे आधीच गुडघ्यांवर होता. पुढचा पाय सापळ्यात, हाड बाहेर आलेलं. एबेने जबडे हातांनी फाकवले. मी पुढे झालो नाही. त्याने कुत्रं उचलून छातीशी धरलं आणि शेताकडे चालत गेला. दहा मिनिटांनी बंदुकीचा आवाज आला. एकच.

दुपारी दार वाजलं. एबे. शर्टावर रक्त वाळलेलं. हातात सापळा, धुतलेला, पुसलेला. दारातल्या पायपुसण्यावर ठेवला. आम्ही दोघं त्याकडे बघत उभे राहिलो. लहानपणी बाप तो आमच्या खाटेखाली ठेवायचा, कोण चादरीबाहेर पाय काढतो बघतो म्हणायचा.

मला वाटलं, आता मारेल. मारावं असं वाटत होतं. तो थांबला, नेहमीसारखा. तोंड उघडलं. मी म्हटलं, "कुत्र्याला बांधून ठेवायचं असतं."

तो गेला. रात्रीचं जेवण गेर्डाने रूथकडे नेलं. मी राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावून खाल्लं.

राग : लिहवत नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

पाणी अजून उतरतंय. कार्लाच्या यंत्रावर माझा भरवसा नाही, म्हणून आता रोज सकाळी मी स्वतः झाकणावरून चालत दक्षिणेच्या तपासणीच्या भोकापर्यंत जातो, त्यावर बसवलेलं लोखंडी ताट उचलतो आणि काठीने मोजतो. आठ बोल्ट सोडायचे, आठ आवळायचे, कोण बसतंय? मी बोल्ट काढून खिशातच ठेवले. ताट नुसतं वर ठेवलेलं असतं. कार्लाने पाहिलं तेव्हा म्हणाली, "चेअरमनसाहेब, खाली चौऱ्याऐंशी अंश आहेत. बटाटा पडला तर शिजून वर येईल." मी म्हटलं, तिथे माझ्याशिवाय जातंय कोण?

राग : ५.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा कोपरापर्यंत पट्टीत.

गेल्या शुक्रवारी सकाळी एबे झाकणावर आला. उघड उघड, चालत, हातात ते फावडं. मी भोकापाशी होतो, मोजून ताट परत ठेवलेलं. तो जवळ आला आणि फावड्याच्या दांड्याने काठाकडे दाखवलं. "चौथ्या..." म्हणाला. "चौथ्यापासून... पुढे..."

मी म्हटलं, "कबूल करतोस तर!"

त्याने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, मी थांबलो नाही. फावडं त्याच्या हातातून ओढलं. त्याने सोडलं नाही. सोडत का नाहीस गाढवा, म्हणून मी दांडाच त्याच्या तोंडावर मारला. ओठ फुटला. दुसरा खांद्यावर. तरी बोलायचाच प्रयत्न करत होता, रक्त थुंकत, "ऐक... ऐक..." मग मी दोन्ही हातांनी ढकलला.

तो मागे गेला आणि ताटावर पडला. ताट फिरलं.

उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ओरडला नाही लगेच. ओरडायलाही त्याला वेळ लागला. मी पट्ट्याला धरून ओढलं, मग पायाला धरायला हात पाण्यात घातला, बूट आला, मोजा आला, आणि मोज्याबरोबर जे आलं ते मी लिहिणार नाही.

त्याला हेलिकॉप्टरने कोपनहेगनला नेलं. बोल्ट माझ्या खिशात होते. अजून आहेत. हात लावला : हो.

सोमवार, ५ नोव्हेंबर

एबेचा पाय गुडघ्याखालून काढला.

पोलीस येऊन गेले. माझी पिशवी भरून तयार होती, दाढीचं सामानसुद्धा. पण त्या पोरगेल्या पोलिसाने सांगितलं, "तुमच्या भावाचा जबाब झालाय. पाय घसरला म्हणाले. ओठ पडताना फुटला. तुम्ही त्यांना बाहेर ओढलंत, हात भाजून घेतलात." माझ्याशी हस्तांदोलन करायला गेला, पट्टी बघून थांबला.

एबेने असं का सांगितलं? खूप विचार केला. एकच कारण दिसतं, तळं फोडल्याचं बाहेर येईल म्हणून घाबरला. गेर्डाला हे बोललो. ती भांडी विसळत होती. वळली आणि ओल्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग परत भांडी विसळायला लागली.

कार्ला म्हणते, पाणी उतरतंच आहे, तेवढंच. एबे तर दवाखान्यात. मग कोण? रूथ असेल.

राग : येत नाही. शोधला.

सोमवार, २४ डिसेंबर

बाहेर उणे सात. चारशे घरं उबदार. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, झाकणावर उभा, हात पाठीमागे लपवलेला. गळती धरूनही तळं मार्चपर्यंत पुरेल म्हणतात, जानेवारीचा माझा अंदाज चुकला; अशा जमिनीच्या मानाने गळती खूपच कमी आहे. अस्तर बसवणारा इंजिनियर म्हणाला, तुमच्या टेकाडात एवढी गारगोटी, संपूर्ण दक्षिण उतार चाळणी व्हायला हवा होता, नशीब तुमचं.

बदक भाजलं होतं, अर्धं घेऊन एबेकडे गेलो. रूथने दार उघडलं नाही, खिडकी उघडली. आतून उबेचा झोत आला, माझ्या तळ्याचा. एबे रेडिएटरजवळ बसला होता, आखूड पाय स्टुलावर, पाठ माझ्याकडे.

"सणाच्या शुभेच्छा," मी म्हटलं.

रूथ म्हणाली, "बदक ठेव तिथे पायरीवर. कोल्हा खाईल." आणि खिडकी लावली.

मंगळवार, १२ मार्च

पाणी आता तीस अंशांवर आलं, म्हणून पाणबुडे उतरवले. दोघं होते, दिवसभर आत होते. वर येऊन त्यांनी कार्लाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि लाल खुणा केल्या. अकरा भोकं.

मी विचारलं, "सुरीने कापलेली? वरून?"

मोठा पाणबुडा म्हणाला, "वरून नाही. खालून. मातीतून वर आलीत. वजन पडलं तशी गारगोटी अस्तरातून घुसली. हे बघा." आणि माझ्या भाजलेल्या हातावर एक टोक ठेवलं, नखाएवढं.

अकराच्या अकरा खुणा दक्षिणेच्या उतारावर. आणि सगळ्या चौथ्या खांबापासून सातव्यापर्यंत. तिसऱ्याच्या अलीकडे एकही नाही.

आता लिहितो, जे मी सिग्नेलाही सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सभासदांनी दगड वेचले. ठेकेदाराचे पैसे कशाला द्या, आपलं तळं आपण वेचू, ही माझीच कल्पना. सव्वाशे माणसं गुडघ्यांवर, रांगेने, हातात बादल्या. आपल्याकडे सगळं असंच तर होतं. तीन उतार झाले. दक्षिणेचा राहिला. पाऊस आला, सॉसेज भाजून तयार होते, बिअर उघडली होती, अस्तर सोमवारऐवजी गुरुवारी येणार होतं, म्हणजे वेळही होता. मी म्हटलं, पुरे झालं. एबे एकटा उभा राहिला पावसात, बादली घेऊन. म्हणाला, "दक्षिणेचा..." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "जमीन गेली म्हणून रडतोय! बिअर द्या रे त्याला!" सगळे हसले. तो हसला नाही, बिअरही घेतली नाही.

मी एबेच्या गोठ्याकडे गेलो. रूथ बघत होती, आली नाही. बादल्या तिथेच. खडूचे आकडे पावसाने पुसट झालेले. १. २. ३. खांबांचे आकडे. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा चार संध्याकाळी तो माणूस एकटा गुडघ्यांवर वेचत होता. तिसऱ्या खांबापर्यंत पोचला आणि गुरुवारी अस्तर आलं.

एक्केचाळीस बादल्या. आमचं नशीब म्हणे.

मी गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटलं. कपाळ फुटलं तरी आपटत होतो. शेवटी रूथ आली आणि कॉलरला धरून मला ओढलं. म्हणाली, "भिंत आमची आहे, सोड."

गुरुवार, २५ एप्रिल

वार्षिक सभा. तीच शाळेची खोली, तोच केक. क्वीस्ट मास्तर पहिल्या रांगेत, वाकडं नाक घेऊन. माझी फेरनिवड टाळ्यांनी करायचं ठरलं होतं.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दक्षिणेचा उतार. ट्रॅक्टर. सापळा. बोल्ट खिशातून काढून टेबलावर ठेवले, आठ. म्हटलं, पाय घसरला नव्हता, मी ढकलला.   मग मागून कुणीतरी "हरामखोर!" म्हणालं, आणि एक कप आला, माझ्या कानाजवळ भिंतीवर फुटला. दुसरा छातीवर लागला. कॉफी कोमट होती.

क्वीस्ट मास्तर उठले. मला वाटलं, आता नाकाची फेड. ते म्हणाले, "मीसुद्धा बिअर प्यायलो होतो त्या दिवशी. आपण सगळेच प्यायलो." आणि खाली बसले.

पोलिसांना मी स्वतः फोन केला. तारीख जूनमध्ये. तीन महिने तर नक्की, वर आणखी.

एबे सभेला आला नव्हता.

राग : विचारू नका.

शनिवार, ११ मे

तळ्यातलं पाणी अर्धं उपसून दक्षिणेचा उतार उघडा केला. चौथ्या खांबापासून सातव्यापर्यंत अस्तर काढलं. ठेकेदार येणार होता, मी म्हटलं, मी वेचतो. कार्ला म्हणाली, "एकटे?" मी म्हटलं, एकट्यानेच झालंय अर्धं.

सकाळपासून गुडघ्यांवर. पट्टी निघालेल्या हाताची कातडी अजून नवी, दर दगडागणिक चिरते. दहा बादल्या झाल्या तेव्हा वर सावली पडली. एबे. दोन कुबड्या, पँटचा एक पाय दुमडून टाचलेला. रूथने त्याच्यासाठी काठावर खुर्ची मांडली आणि गाडीत जाऊन बसली.

तो खुर्चीवर बसला नाही. उतार उतरायला लागला. त्याला पाव तास लागला. मी मदतीला उठलो तर त्याने कुबडीने खुणावलं, बस. मी बसलो, दगड वेचत राहिलो. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. श्वास ऐकू येत होता.

मग कुबडी पाठीवर बसली.

त्याने ती दोन्ही हातांनी, एका पायावर तोल धरून हाणली. मी तोंडावर आपटलो, गारगोटी गालात घुसली. श्वास येईना. बरगडी मोडली असणार, अजून खोल श्वास घेता येत नाही. तोही तोल जाऊन शेजारी पडला. दोघं भाऊ उताणे-पालथे चिखलात. मी दुसऱ्या फटक्याची वाट बघत होतो.

तो काही बोलणार हे मला कळलं. थांबला होता, तसा. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, थांबलो. किती वेळ गेला माहीत नाही. रूथने गाडीचं दार उघडलेलं ऐकलं, आणि परत लावलेलं.

"हा..." एबे म्हणाला. "हा बासेचा होता."

मी थांबलो.

"पायाचा... अजून बाकी आहे."

मी म्हटलं, "बरं."

त्याने कुबडी ओढून घेतली, आणि पडल्या पडल्याच टोकाने माझ्या पलीकडे दाखवलं. तिथे मातीत एक टोक चमकत होतं, माझ्या नजरेतून सुटलेलं. मी सरपटत जाऊन काढलं. मग त्याने दुसरं दाखवलं. असे अंधार पडेपर्यंत पाचव्या खांबाच्या थोडे पुढे गेलो. बादल्यांवर खडूने आकडे त्यानेच घातले.

उद्या परत यायचं आहे. तो येईल का, विचारलं नाही.

राग : माझा शून्य. एबेचा किती, माहीत नाही. साठ वर्षांत कधी विचारलाच नाही.